अश्रूंच्या तपासणीवरून डोळ्यांची अ‍ॅलर्जी ओळखता येते का?

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आपल्या बहिणीचे डोळे वर्षभर लाल असतात, आणि अश्रू तपासून ही अ‍ॅलर्जी आहे की नाही हे ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे आणि दृष्टी तपासणारा तज्ज्ञ, म्हणून काम करतो. माझे उत्तर असे, की अ‍ॅलर्जी आहे की नाही याला या तपासणीतून चांगला आधार मिळतो. पण ती कशाची आहे, हे सहसा कळत नाही.

अ‍ॅलर्जीत शरीर ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड (अँटीबॉडी) तयार करते. हे प्रतिपिंड १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखले गेले. निरोगी अश्रूंत त्याचे प्रमाण अत्यल्प असते, त्यामुळे ते वाढलेले आढळले तर अ‍ॅलर्जीचा संशय बळावतो. त्याच अश्रूंत ‘लॅक्टोफेरिन’ हे अश्रुग्रंथीतून येणारे प्रथिनही मोजता येते. ते कमी असेल तर डोळे कोरडे पडत असण्याची शक्यता अधिक. अडचण अशी की दोन्ही आजारांत डोळा लालच दिसतो, आणि काही रुग्णांना दोन्ही एकदमच असतात.

डोळ्यात एका वेळी जेमतेम सात मायक्रोलीटर अश्रू असतात, म्हणजे एका थेंबापेक्षाही कितीतरी कमी. बारीक काचनळीने त्यातला अंश अलगद घ्यावा लागतो. नळी टोचल्यासारखी लागली किंवा रुग्णाने आधी डोळे चोळले, तर अश्रूंचा पूर येतो, नमुना पातळ होतो आणि आकडा खोटा कमी निघतो. म्हणून अहवालात आयजीई वाढलेले नाही, एवढ्यावरून अ‍ॅलर्जी नाहीच असे म्हणता येत नाही. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांनी किती मिलिमीटर ओली झाली ते पाहतात, ती शिर्मर चाचणी मात्र वेगळी. ती अश्रूंचे प्रमाण सांगते, अ‍ॅलर्जीबद्दल काहीच सांगत नाही; पुष्कळ लोक दोहोंची गल्लत करतात.

माझ्या अनुभवात यंत्राआधी शब्द ऐकावा लागतो. आपल्याकडचा रुग्ण ‘खाज येते’ म्हणाला तर मी अ‍ॅलर्जीकडे झुकतो. ‘चुरचुरतात’, ‘कचकच वाटते’ म्हणाला तर कोरडेपणाकडे. कन्नड बोलणारे ‘तुरिके’ आणि ‘उरि’ असा हाच भेद करतात, पण डॉक्टरांपुढे दोन्ही भाषांतले रुग्ण घाईत ‘इन्फेक्शन’ म्हणून मोकळे होतात, आणि मग आम्हाला पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते.

तंबाखूची धूळ अ‍ॅलर्जी नसतानाही डोळ्यांना झोंबते. तशी ती सर्वांनाच झोंबते. मात्र तंबाखूच्या पानांची खरी अ‍ॅलर्जीही काही कामगारांत आढळते. म्हणून बहिणीला सुट्टीत, वखारीपासून दूर असताना आराम पडतो का, हे आधी नोंदवा. घराभोवती गाजर गवत असेल किंवा उसाचे पाचट जाळण्याच्या दिवसांत त्रास वाढत असेल, तर तेही लिहून ठेवा. डॉक्टर वरची पापणी उलटून पाहतील. तेथील उंचवटे आणि चिकट, दोऱ्यासारखा स्राव यांवरून बरेच काही समजते. कशाची अ‍ॅलर्जी, हे शोधायचे तर त्वचेवरील प्रिक टेस्ट करतात, म्हणजे संशयित पदार्थाचा थेंब त्वचेवर ठेवून तेथे हलके टोचून पाहतात. तिच्या काही दिवस आधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, पण हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

एक गोष्ट मात्र तपासणीची वाट न पाहता करा: औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेले स्टेरॉइडचे थेंब ती घालत असेल, तर ती बाटली सोबत नेऊन लवकर डॉक्टरांना दाखवा. त्या थेंबांनी लाली लगेच उतरते, पण ते दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याची सुरुवात रुग्णाच्या लक्षातही येत नाही.