दप्तर गटाच्याच घरी

प्रिय,

सुरगाण्याच्या मंडळाबद्दलचं तुझं पत्र मिळालं. त्यांचा हिशोब नाशिकच्या ऑफिसात बसून आपणच लिहिला तर दोन तासांत होतो आणि शिकवायचं तर तीन खेपा, मग आपण लिहिला तर काय बिघडलं, असं विचारलंस.

दोन तासांत होतो, खरंच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन तास, आणि तेव्हाही आपणच. म्हणून सांगतो, दप्तर गटाच्याच घरी राहिलं पाहिजे. पावतीपुस्तक, रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, सभांच्या इतिवृत्ताची वही, शिक्का, यातलं काहीही आपल्यासारख्या, छोट्या मंडळांना आधार देणाऱ्या शिखर संस्थेच्या कपाटात नको.

सगळ्यात जास्त अडतं ते बदल अर्जावर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला या अर्जाने कळवायचं असतं, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. मंडळी कळवत नाहीत. अध्यक्ष वारले तरी परिशिष्ट एकवर, म्हणजे कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, त्यांचंच नाव राहतं. मग बँक नव्या सह्या घेत नाही आणि मंजूर झालेलं अनुदान अडकतं. अशा वेळी कुणीतरी मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहायला सुचवतं. त्याला अजिबात हात लावू नकोस. उशीर झालाय ना, तर विलंबमाफीचा अर्ज जोडायचा. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्यांची संमती, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, हे सगळं त्यांच्याकडून त्यांच्याच हातांनी लावून घे. नोटीस मंडळाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहिलेल्या दिवसांपेक्षा उशिरा निघाली असेल तर हरकत तिथेच निघते, म्हणून आधी घटना वाचायला लाव.

आणि मोबाइल नंबर! धर्मादाय कार्यालयाच्या पोर्टलवर आपल्या कार्यकर्त्याचा नंबर टाकतात, सोयीचं वाटतं म्हणून. तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्याकडे आणि मंडळ दाराबाहेर. नंबर सचिवाचाच हवा, ईमेलही मंडळाचाच. हेही दप्तरच आहे रे.

तुझ्या डोक्यात निधीवाटपही आहे. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर तर कुणालाच नाही. आपल्याकडे देण्यासारखं दुसरं बरंच आहे. चार मंडळांत मिळून एक हिशोबनीस, घटनेचा नमुना, बसायला खोली, आणि ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत ऑडिट व्हावं म्हणून एप्रिलमध्येच केलेला फोन. सप्टेंबरमध्ये फोन केलास तर काही उपयोग नाही.

मला हटवादी म्हणतात. म्हणू देत. ज्यांचे कागद मी प्रेमाने सांभाळले त्यांना मी पांगळं ठेवलं, हे मला फार उशिरा कळलं, आणि ती खंत तुझ्या वाट्याला येऊ नये एवढंच वाटतं. मन मोडू नकोस. तीन खेपा होऊ देत. सुरगाण्याहून त्यांचा एसटीत अख्खा दिवस जातो, तेव्हा निदान दोन वेळा तूच तिकडे जा. कोरी रोजकीर्द घेऊन जा, पहिल्या पानावरच्या नोंदी त्यांच्या खजिनदाराला करू दे. चूक झाली की खोडायची नाही, आडवी रेघ मारून शेजारी सही घ्यायची. येताना वही तिथेच ठेवून ये.