डेट्रॉइटमध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत, मग तिथून बेळगावचे श्री ठाणेदार खासदार कसे झाले? अमेरिकेत वंश बघून मतं देत नाहीत का?

देतात की! पण वंशाचा खरा परिणाम मतदानाच्या आधीच, पक्ष आणि मतदारसंघ ठरताना होऊन गेलेला असतो.

1964 साली डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्या वर्षीचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याच कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. तेव्हापासून अध्यक्षीय निवडणुकांत दहापैकी आठ-नऊ कृष्णवर्णीय मतं डेमोक्रॅटिक पक्षाला पडत आली आहेत. दक्षिणेतले गोरे हळूहळू उलट दिशेला गेले. त्यामुळे डेट्रॉइटमध्ये नोव्हेंबरचं मतदान म्हणजे निव्वळ सोपस्कार, खरी लढत ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, होते.

2022 मध्ये मिशिगन राज्याच्या 13व्या, म्हणजे डेट्रॉइटच्या मतदारसंघात त्या प्रायमरीला नऊ जण उभे होते, ठाणेदार सोडले तर बहुतेक कृष्णवर्णीय. तिथे निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत आणि दुसरी फेरीही नसते. ठाणेदारांना सुमारे 28 टक्के मतं पडली आणि तेवढी पुरली. एकाच उमेदवारामागे उभं राहावं म्हणून स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांनी आधी खटपट केली, एकाला पाठिंबाही जाहीर केला, पण बाकीचे बसले नाहीत. (मतविभागणी आपल्याला कुणी शिकवायला नको!) परिणाम असा की 1955 पासून पहिल्यांदाच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) उरला नाही.

तरी सगळं श्रेय मतविभागणीला देणं मला पटत नाही. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचा पैसा बेसुमार ओतला, पण शहरात ते नवखेही नव्हते. 2018 ची गव्हर्नरपदाची प्रायमरी ते राज्यात हरले, मात्र डेट्रॉइट शहरात पुढे होते. पुढे 2020 मध्ये इथूनच ते राज्याच्या विधानसभेवर गेले. म्हणजे कृष्णवर्णीयांची मतं त्यांनाही पडली होती.

मतदारसंघांच्या नकाशाचं प्रकरण वेगळंच. मिशिगनमध्ये मतदारसंघ आता नागरिकांचा स्वतंत्र आयोग आखतो. त्याने डेट्रॉइटचे तुकडे गोऱ्यांची संख्या जास्त असलेल्या उपनगरांना जोडले. राज्य विधिमंडळाचे असे 13 मतदारसंघ प्रामुख्याने वंशाच्या आधारे आखल्याचं सांगून संघीय न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये ते रद्द केले. ठाणेदारांचा काँग्रेसचा मतदारसंघ त्यात नव्हता. 2024 ला त्यांच्यासमोर मुख्यतः एकच तगड्या कृष्णवर्णीय उमेदवार होत्या, शहराच्या नगरसेविका. तेव्हाही ठाणेदारच जिंकले.