पाऊस झाल्यापासून जुन्या जर्मन गाडीची स्क्रीन, रेडिओ सगळं बंद. मेकॅनिक म्हणतो फायबर केबल जळाली, काढून साधी वायर टाकू. टाकू का?

नाही. कटर लावू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की २००८ ची सेकंडहँड सेडान आहे, स्क्रीन-रेडिओ-ब्लूटूथ एकदम गेलं आणि गाडी मात्र मस्त चालते. मग फायबर कशाला जळेल हो? प्लास्टिकची तार आहे ती, आतला गाभा १ मिलिमीटरचा, त्यातून लाल उजेड जातो, करंट नाही. ती मुडपते, चेपते, उंदीर कुरतडतो, पण पाऊस पडला म्हणून जात नाही. जातो तो डबा, म्हणजे फायबरला जोडलेलं यंत्र.

हे एवढं तावातावाने लिहितोय कारण यावरून माझं आणि माझ्या साडूचं कायमचं वाजलेलं आहे. मी पुण्यात ऑटो इलेक्ट्रिशियन, तो एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला ॲडव्हायझर (नाव घेत नाही, घरात राहायचंय). साताऱ्याचे एक डॉक्टर त्यांच्याकडे गाडी घेऊन गेले, तुमच्यासारखीच केस. यांनी एस्टिमेट दिलं पूर्ण हेड युनिट (डॅशबोर्डवरचं स्क्रीन-रेडिओचं मुख्य यंत्र) बदलायचं, रक्कम लाखांत. डॉक्टर वैतागून माझ्याकडे आले तर साडूभाऊंचा फोन, की तुम्ही लोकं ऑप्टिकलला हात लावू नका, ते तुमचं काम नाही. "तुम्ही लोकं"! लग्नात याच्या गाडीचा हॉर्न मी रस्त्यावर बसून दुरुस्त केला होता.

तर ही सिस्टीम म्हणजे मोस्ट, गाडीतली आवाज-स्क्रीनची यंत्रं फायबरने एकमेकांना जोडणारं नेटवर्क. बीएमडब्ल्यू, डेमलर वगैरेंनी १९९८ मध्ये एकत्र येऊन काढली, २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये पहिल्यांदा गाडीत आली. त्या पिढीत वेग सेकंदाला साधारण २५ मेगाबिट, पुढे १५० झाला. हेड युनिट, ॲम्प (स्पीकरचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर), ट्यूनर, सीडी चेंजर सगळे एका गोलात जोडलेले, आणि प्रत्येक डबा आलेला उजेड वाचून आपल्या एलईडीने नवा उजेड पुढच्याला देतो. स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात जातात ना, मधला एक गडी बसला की वर माल पोचत नाही, तसंच. म्हणून एक डबा मेला की सगळंच मेल्यासारखं दिसतं, आणि दोष बिचाऱ्या हेड युनिटवर येतो कारण स्क्रीन त्याची असते.

मी काय केलं, डिकीतलं डाव्या बाजूचं कव्हर काढलं. ॲम्प तिथेच, खाली पाणी साचलेलं, पिनांवर हिरवा गंज. टेललाईटचं रबर गेलेलं. ॲम्पचा ऑप्टिकल कनेक्टर काढून त्याला लूप लावला, म्हणजे उजेड ॲम्पला वगळून सरळ पुढे, आणि इग्निशन ऑन केल्यावर थोड्या वेळात स्क्रीन आली. आवाज नाही अर्थात, स्पीकर ॲम्पवरच चालतात, पण डॉक्टरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. ॲम्पचा बोर्ड साफ करून गंजलेलं सोल्डरिंग नव्याने केलं, रबर बदललं, गाडी गेली. साडूला फोटो पाठवला तर उत्तर काय, "बरोबर आहे, पण आता हे फायबर संपलंच, नवीन गाड्यांत इथरनेट आहे."

हे अर्धं खरं आहे. मोस्टची जागा तांब्याच्या जोडवायरवरच्या इथरनेटने घेतली, मान्य. पण २०१७ मध्ये आयईईई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने याच प्लास्टिक फायबरवर गाडीसाठी गिगाबिट इथरनेटचं स्टँडर्ड काढलं आणि २०२३ मध्ये गाडीतल्याच काचेच्या फायबरसाठी ५० गिगाबिटपर्यंतचं. फायबरला मोटर-इन्व्हर्टरचा नॉईज लागत नाही, इलेक्ट्रिक गाडीत ते महत्त्वाचंच. संपलं म्हणे!

तुमच्या मेकॅनिकच्या साध्या वायरबद्दल सांगायचं तर ती जोडणार कुठे? डब्याला सॉकेटच उजेडाचं आहे. तांब्यावर चालणारं मोस्ट५० होतं, टोयोटाने वापरलं, पण तो वेगळा हार्डवेअर. आणि अँड्रॉइड स्क्रीन बसवायची म्हणत असेल तर त्याला विचारा की ओरिजिनल ॲम्पला आवाज कुठून देणार. ऑप्टिकल डीकोडर लागतो, नाहीतर सगळे स्पीकर नव्याने वायर करा.

चांगला स्कॅनर असेल तर गेटवेमधून (गाडीतली सगळी नेटवर्क जोडणारा डबा) रिंग ब्रेक टेस्ट चालवा, कुठला डबा गप्प आहे ते कळतं. नसेल तर लूप घेऊन एकेक डबा वगळत जा, डिकीपासून सुरुवात करा. कनेक्टर काढल्यावर एका भोकात लाल उजेड डोळ्यांनीच दिसतो.

हां, एक राहिलं. फायबर २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका, आणि जुना ॲम्प आणून बसवलात तर काही कंपन्यांचं चोरीविरोधी लॉक असतं, ते शेवटी सर्व्हिस सेंटरलाच निघतं (साडूला हे सांगू नका). आणि त्या काळातल्या काही बीएमडब्ल्यूंमध्ये पिवळी फायबर एअरबॅगची असते, तिला कोणीच हात लावायचा नाही, मी पण लावत नाही.

मेकॅनिक तरीही कटर काढत असेल तर गाडी दुसरीकडे न्या. चालते आहेच, टो करायचा खर्च नाही.