'स्थानिक भाषांतर' म्हणावं का?

प्रश्न असा आला: मेंदूवरच्या एका लेखात 'लोकल ट्रान्सलेशन' होतं, म्हणजे आरएनए वाचून चेतापेशीत लागेल तिथेच प्रथिन बनवणं. त्याचं 'स्थानिक भाषांतर' केलं, तर वाचणाऱ्याला वाटलं मालवणी-अहिराणीत काहीतरी करायचंय. मग 'अनुवाद' लिहू का?

नको. अनुवाद म्हणजे मुळात आधी म्हटलेलं पुन्हा म्हणणं. जुन्या शास्त्रग्रंथांत तो याच अर्थानं येतो. पेशीत हे काम आधीच्या पायरीवर होतं, डीएनएवरून आरएनए उतरवून घेताना. 'टी' या अक्षराच्या जागी 'यू' येतो, बाकी भाषा तीच. सातबाऱ्याची नक्कल काढतात तसं: मूळ दफ्तर केंद्रकातच राहतं, नक्कल बाहेर पडते. त्याला प्रतिलेखन म्हणतात, ते ठीकच आहे. पुढे मात्र भाषाच बदलते. आरएनएची चार अक्षरं रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, तीन-तीन करून वाचतो आणि वीस अमिनो आम्लांतून प्रथिन ओवतो. म्हणून भाषांतरच. (दहावीच्या पुस्तकात 'भाषांतरण' आहे. तो 'ण' मला उगाच चिकटवलेला वाटतो.)

घोटाळा केलाय तो 'स्थानिक'नं. कण्यातून पायाच्या स्नायूपर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब असू शकतो. प्रत्येक प्रथिन केंद्रकाजवळ बनवून तिथवर धाडण्यापेक्षा नक्कल धाडायची आणि लागेल तिथे वाचायची, ही पेशीची सोय. 1982 मध्ये स्टीवर्ड आणि लेव्ही यांना उंदराच्या मेंदूत, वृक्षिकांवरच्या (चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांद्यांवरच्या) काट्यांच्या अगदी बुडाशी, रायबोसोमचे पुंजके दिसले होते. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: जागच्या जागी. बातम्यांतल्या 'जागच्या जागी ठार'मुळे तो जरा बदनाम झालाय, एवढंच.

त्याच लेखात 'रिप्रेशन'ही येईल, म्हणजे भाषांतर रोखून धरणं. वाटेत नक्कल उघडी नसते. काही प्रथिनं तिला बिलगून गप्प ठेवतात आणि दोन चेतापेशींच्या सांध्यावर शेजारच्या पेशीचा संदेश आला की पकड सैल होते. एफएमआरपी हे त्यांतलंच एक. ते नसलं की भाषांतर मोकाट सुटतं आणि मुलाला फ्रॅजाइल एक्स हा आजार होतो, म्हणजे बौद्धिक वाढ खुंटते. याला 'भाषांतर-दमन' लिहू नका, आणीबाणी आठवते. 'चाप' लिहा: भाषांतराला चाप लागतो, चाप सुटतो.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'चेतापेशीत प्रथिनांचं भाषांतर जागच्या जागी होतं.' छे, चुकलंच! भाषांतर आरएनएचं होतं, प्रथिनांचं नाही. 'आरएनएचं भाषांतर जागच्या जागी होतं' असं करा. शीर्षकात मात्र 'जागच्या जागी प्रथिननिर्मिती' बरं दिसेल.