छोट्या लॅपटॉपवर शास्त्रीय संगीत पातळ आणि चिरकं ऐकू येतं. यूएसबी डॅक घेतला तर फरक पडेल का?

दोष तुमच्या लॅपटॉपमधल्या साउंड चिपचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली पंधरा वर्षं आमच्या घरात याच वाक्यावरून भांडण चालू आहे.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप १३ इंची आहे, त्यावर जुन्या मैफली ऐकता, डग्गा ऐकूच येत नाही, तंबोरा डासासारखा गुणगुणतो, आणि पाच हजारांपर्यंतचा डॅक घ्यायचा विचार आहे. डॅक म्हणजे साउंड चिपचंच काम लॅपटॉपच्या बाहेर करणारी डबी. तो जोडलात की लॅपटॉपचे स्पीकर बाजूला पडतात, आवाज डॅकमधून बाहेर जातो. म्हणजे हेडफोन किंवा स्पीकर घ्यावेच लागणार. मग सगळे पैसे त्यातच घाला ना! झालं उत्तर. पुढे माझं पुराण आहे, वेळ असेल तर वाचा.

२००९ साली मी एक दहा इंची नेटबुक, म्हणजे स्वस्तातला चिमुकला लॅपटॉप, घेतलं. असुसच्या ईईई पीसीने २००७ मध्ये ती लाट आणली आणि मग जो तो तसलं काहीतरी काढू लागला. माझं दुसऱ्याच एका कंपनीचं होतं. ॲटम प्रोसेसर, एक जीबी रॅम, कडेला दोन भोकं, हिरवं हेडफोनचं आणि गुलाबी माइकचं. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती. आवराआवर करताना आईच्या कपाटात ३८ कॅसेटी निघाल्या, १९८६ ते ९१ मधल्या तिच्या गाण्याच्या तालमींच्या. गुरुजी सांगतायत, आई म्हणतेय, मधेच कुकरची शिट्टी, मधेच गुरुजींचं 'पुन्हा'. बाहेरच्या माणसाला त्यात काही नाही. आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या डिजिटल करायच्या म्हणून कॅसेट-डेकच्या पाठीमागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून वायर आणली आणि खुपसली गुलाबी भोकात. आवाज आत घेणारं दुसरं भोकच नव्हतं. जुन्या मोठ्या कॉम्प्युटरला निळं लाइन-इन असायचं, या चिमुकल्या यंत्रांत ते जागेअभावी गेलं. आता यातली मेख ऐका. माइकचं भोक काही मिलिव्होल्टची वाट बघत असतं, तेवढ्याला ते आत फुगवून मोठं करतं. डेक त्यात शेकडो मिलिव्होल्ट ओततो. मग लाटांचे शेंडे आतच छाटले जातात, आणि हे छाटणं आवाजाच्या सरकपट्टीच्या आधी झालेलं असतं. पट्टी कितीही खाली ओढा, फाटलेलं ते फाटलेलंच, फक्त हळू आवाजात फाटलेलं.

मला हे कळलं का नाही? कारण मी प्रत्येक कॅसेट झाली की नेटबुकच्याच स्पीकरवर तपासत होते! तो चिरकेपणा मी स्पीकरच्या नावावर खपवला. आणि खाली एक गुंग्ग आवाज होता, तो तर त्या स्पीकरवर उमटतच नव्हता. आठवड्याभरात अशा ११ कॅसेटी केल्या आणि प्रत्येकीच्या कव्हरवर लिहिलं, 'झालं'.

बाराव्या कॅसेटच्या वेळी रात्र होती, भाची झोपलेली होती, म्हणून हेडफोन लावले. आईने सा लावला आणि त्याच्या खाली कुणीतरी रस्त्यावरची विजेची डीपी आणून ठेवल्यासारखी घरघर. मी घाबरलेच.

दुसऱ्या दिवशी नेटबुक पिशवीत घालून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. एका चिंचोळ्या दुकानातल्या काकांनी वायर बघितली आणि विचारलं, "ताई, लाइन-आउट थेट माइकमध्ये घातलीत? घरच्या नळाला बंबाचा पाइप जोडल्यासारखं झालं हे." दोन रेझिस्टन्स टाकून त्यांनी दहा मिनिटांत दुसरी वायर करून दिली. निघताना सहज म्हणाले, "आणि रेकॉर्डिंग करताना चार्जर लावता का? काढून बघा एकदा."

काढला. घरघर गायब. नुसती टेपची सळसळ उरली, ती कॅसेटची स्वतःचीच. वाड्यातलं वायरिंग आजोबांच्या काळचं. चार्जरमधून अर्थिंगची एक वाट, डेक जोडलेल्या ॲम्प्लिफायरमधून दुसरी, आणि मेनचा, म्हणजे घरच्या विजेचा, ५० हर्ट्झचा प्रवाह त्या दोन्हींतून गोल फिरत होता. तेव्हापासून एक कॅसेट बॅटरीवर करायची, मग चार्जिंग, मग पुढची. उरलेल्या २७ अशा केल्या, आणि त्या आजही स्वच्छ आहेत. यंत्र तेच, चिपही तीच. हे वाक्य मी दादाला किती वेळा ऐकवलं असेल!

पहिल्या ११ पुन्हा करायच्या होत्या. पण सामान हलवायच्या दिवशी दादाने मोडकी इस्त्री, बंद पडलेला मिक्सर आणि एक पिशवी भंगारवाल्याला दिली. पिशवीत त्या ११ होत्या. त्याचं म्हणणं, "तूच 'झालं' लिहिलं होतंस." माझं म्हणणं, विचारायला तोंड होतं ना?

पुढे त्याने तोडगा म्हणून त्या फायली ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून 'साफ' करून दिल्या. आता हे गाणाऱ्यांना कळेल. आई पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, गायची. म्हणजे सा साधारण १९६ हर्ट्झ आणि तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालची तार, ९८. मेनची घरघर नुसती ५० वर नसते, तिची पिल्लं १००, १५०, २०० अशी चढत जातात. म्हणजे खर्जापासून दोन हर्ट्झवर एक आणि सा पासून चार हर्ट्झवर एक, दोन्ही किंचित चढी. ऐकताना तंबोरा सतत बेसूर लागल्यासारखा, सेकंदाला दोनदा हेलकावे. दादाने १०० वर कात्री चालवली, तर घरघरीबरोबर खर्जही गेला. राहिला तो तीन तारांचा पांगळा तंबोरा. त्यावर हा विचारतो, "आता क्लिअर आहे की नाही?"

गेल्या वर्षी त्याने चाळीस हजारांचा डॅक आणि वर हेडफोन ॲम्प्लिफायर घेतला. मला मुद्दाम कोथरूडला बोलावलं, वहिनीने साबुदाण्याची खिचडी केली होती, आणि याने लावलं काय, तर त्याच ११ मधली एक मूळ फाइल. घरघर इतकी सुरेख, इतकी सुस्पष्ट मी कधी ऐकली नव्हती! आणि तरी शेवटी त्याचं पालुपद, "त्या टुकार नेटबुकच्या साउंड कार्डनं वाट लावली."

नाही लावली. साउंड चिपच्या १९९७ च्या एसी ९७ या मानकाचा जमाना असता तर मी थोडं ऐकून घेतलं असतं. पण इंटेलचा एचडी ऑडिओ २००४ मध्ये आला, त्यात १९२ किलोहर्ट्झ आणि ३२ बिटपर्यंतची सोय आहे. सीडीला लागतात ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये बहुधा असते ती खेकड्याचं चित्र असलेली रिअलटेकची चिप, तीही गोंगाटाच्या वर ९० डेसिबलच्या आसपासचं अंतर ठेवते. साध्या कॅसेटची धाव ५०-६० डेसिबलची. म्हणजे चिप कॅसेटच्या कितीतरी पुढे. नासाडी होते ती चिपच्या अलीकडे-पलीकडे. चुकीचं भोक, चुकीची वायर, चार्जर, आणि शेवटी तो नखाएवढा स्पीकर.

आता तुमच्या डग्ग्याकडे येते, राहूनच गेला. स्पीकरचा पडदा हवा ढकलतो. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली उतरायचं तर पडदा चौपट हलावा लागतो, दोन सप्तकं खाली तर सोळापट. काही मिलिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये तो हलणार कुठे? म्हणून साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली सगळं गळून पडतं, आणि डग्ग्याचा घुमारा नेमका तिथे राहतो. तंबोरा निदान गुणगुणतो तरी, कारण जवारीमुळे, म्हणजे तारा घोडीला घासून झंकारतात त्यामुळे, त्याच्यात वरचे स्वर भरपूर असतात. खर्ज प्रत्यक्ष नसला तरी वरच्या स्वरांच्या अंतरावरून कान तो मनानेच भरून काढतो. डग्ग्याकडे तशी शिडी नाही, म्हणून तो बुडतो. यात डॅक काय करणार? शाईपेन कितीही भारी आणलं तरी कागद टीपकागद असेल तर अक्षर फुटणारच.

तेव्हा पाच हजारांत कानावर पूर्ण बसणारे वायरचे हेडफोन घ्या. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात दर डिसेंबरला ध्वनिव्यवस्थेला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील, ते तुम्हाला डॅकच सुचवतील. त्यांना खिचडीला बोलवा आणि डोळे मिटून फरक ओळखायला सांगा. त्याआधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन 'ऑडिओ एन्हान्समेंट' नावाचं जे काही असेल ते बंद करा, फुकट आहे. आणि पुढेमागे कुणाला ऑनलाइन शिकवणार असाल तर कॉलमधलं नॉइज सप्रेशनही बंद करा. त्याला तंबोरा पंख्याच्या आवाजासारखा वाटतो. एकसुरी, सतत चालू, म्हणून पुसून टाकतो. झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय आहे. २०२० मध्ये माझ्या भाचीने दोन महिने तंबोऱ्याशिवाय क्लास केला, तिच्या बाईंना वाटायचं हिच्याकडे तंबोराच नाही.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे. एक, हेडफोन लावून काहीच वाजत नसताना सूं ऐकू येत असेल, किंवा माउस हलवला की चिरचिर येत असेल, तर लॅपटॉपच्या आतल्या वायरिंगचा गोंधळ आहे, आणि तिथे बाहेरचा डॅक खरंच उपयोगी पडतो. त्यालाही पाच हजार नकोत. यूएसबी-सी मधून हेडफोनचं भोक काढणारी जी टीचभर वायर मिळते, तिच्यात बहुधा डॅकच असतो, हजाराच्या आसपास काम होतं. दोन, सगळ्याच लॅपटॉपचे स्पीकर रडके नसतात. ॲपलने २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये सहा स्पीकर घातले, त्यात खालच्या स्वरांचे स्पीकर पाठीला पाठ लावून, म्हणजे एकाची थरथर दुसरा मारतो. पण ते यंत्र छोटंही नाही आणि तुमच्या बजेटातलंही नाही.

घरी जुन्या कॅसेटी असतील तर डिजिटल करून झाल्यावर कपाटातच ठेवा. आणि दादा हे वाचणार हे मला माहीत आहे, कारण वहिनी त्याला पाठवणार. दादा, 'झालं' मी पेन्सिलीने लिहिलं होतं.