फ्लॅटमध्ये फ्री डिश लावताना

भाऊ, लातूरच्या फ्लॅटमध्ये गच्चीची किल्ली मिळत नाही म्हणून हातपाय गाळू नका. बाल्कनीतून आग्नेयेचं आभाळ मोकळं दिसतं का, तेवढं आधी बघा. डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा, जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या मराठवाड्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. म्हणजे वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. डिश कठड्याबाहेर अँगलवर घ्या आणि नट पक्के आवळा, खाली लेकरं खेळतात.

डिश थोडीच मागे कललेली दिसते, पण ती दिसते त्याहून बरीच वर बघत असते. सेटिंग करताना टीव्हीवर सिग्नलचे दोन आकडे दिसतात, त्यातला स्ट्रेंथचा सोडा, क्वालिटीचा धरा. बोटभर सरकवा, थांबा, मग पुन्हा सरकवा. घाई केली की उपग्रह हातचा निसटतो.

माझ्याकडे पावसाळ्यात चित्र फुटायचं. मी डिशच हलवत बसलो. शेवटी एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, कनेक्टर उघडला, तर आतली तार गंजून हिरवीगार! वीतभर वायर कापली, नवा कनेक्टर लावला, वर टेप गुंडाळला आणि वायरला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. हे काम सेट-टॉप बॉक्स बंद करूनच करा.