लंडनमधला सुवर्णदुर्ग

प्रश्न : आमच्या हर्णैच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गाच्या नावाची वास्तू लंडनमध्ये असल्याचे ऐकले. ती कोणी बांधली? – एक वाचक, हर्णै

उत्तर : लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवरील तो विटांचा तिकोनी बुरूज १७८४ मध्ये लेडी अ‍ॅन जेम्स यांनी पतीच्या स्मरणार्थ उभारला. हे पती म्हणजे मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्याकडून सुवर्णदुर्ग घेणारा, ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर (वरिष्ठ आरमारी अधिकारी) विल्यम जेम्स. वेल्समध्ये जन्मलेला हा दर्यावर्दी मायदेशी परतल्यावर लंडनजवळच्या एल्थमचा जमीनदार, ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष आणि १७७४ पासून अखेरपर्यंत वेस्ट लू या मतदारसंघाचा खासदार झाला. १७७८ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताबही मिळाला. डिसेंबर १७८३ मध्ये, कन्येच्या लग्नाच्या दिवशीच, तो वारला. मुलगा १७९२ मध्ये गेला आणि किताब तिथेच संपला. बुरुजावरच्या शिलालेखात २ एप्रिल १७५५ ही तारीख देऊन विजयाचे सारे श्रेय एकट्या जेम्सच्या शौर्याला दिले आहे, आणि आपला हर्णैचा किनारा चक्क ‘मलबार’ ठरवला आहे. या मोहिमेसाठी मुंबईकर इंग्रजांशी करार पेशव्यांनीच केला होता, त्याचा मात्र तिथे उल्लेख नाही.